फक्त माझ्यासाठी, की सगळ्यांसाठी?

बोलणारा मी एक इन्स्टॉलर आहे. हे ऐकताच तुम्ही तोंड फिरवाल अशी मला धास्ती वाटते, कारण आजवर सगळे तसेच वागले. संगणकात नवा प्रोग्राम आणायचा असला की आधी मला बोलावतात. मी त्याचं सामान वाहून आणतो, कुठली वस्तू कुठल्या कोनाड्यात ठेवायची ते पाहतो, दाराशी त्याच्या नावाची पाटी लावतो आणि बाजूला होतो. मग कौतुक होतं ते प्रोग्रामचं. घर लावून देणाऱ्या हमालाला पाणीही कोणी विचारत नाही.

त्याचा मला राग नाही, निदान तसं मी स्वतःला समजावतो. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मी माणसांना जन्मभर एकच प्रश्न विचारत आलो, आणि तो कोणी वाचत नाही. ‘कोणासाठी बसवू? फक्त तुमच्यासाठी, की या संगणकावरच्या सगळ्यांसाठी?’ एवढाच प्रश्न. लोक ‘पुढे’ हे बटण दाबतात. पुन्हा ‘पुढे’. पुन्हा ‘पुढे’. कुठे पुढे, ते त्यांनाही माहीत नसतं.

संगणक आमच्याकडच्या मोठ्या घरांसारखाच असतो. मधे सामाईक अंगण, भोवती ज्याची त्याची खोली. ‘फक्त माझ्यासाठी’ म्हणालात की मी सामान तुमच्या खोलीत लावतो. कोणाची परवानगी लागत नाही, पण शेजारच्या खोलीतल्याला त्याचा मागमूसही लागत नाही. ‘सगळ्यांसाठी’ म्हणालात की सामान अंगणात लागतं, आणि अंगणात खिळा ठोकायचा तर घरमालकाचा होकार हवा. संगणकात तो होकार म्हणजे मालकाचा पासवर्ड. यात न कळण्यासारखं काय आहे? कदाचित माझीच सांगण्याची पद्धत चुकत असेल. पण मला तसं वाटत नाही.

माझा जन्म कुमासी शहरातला, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर. मला बांधलं अफ्रियी नावाच्या बाईने. ‘कासा’ हा प्रोग्राम तिच्या कंपनीने तयार केला होता. कासा म्हणजे तिथल्या त्वी भाषेत ‘बोल’. पडद्यावरची अक्षरं तो मोठ्याने वाचून दाखवतो, त्वीतून आणि इंग्रजीतून, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. त्याला घरोघर पोचवणारा गठ्ठा म्हणजे मी. अफ्रियीने मला दोन्ही वाटा शिकवल्या, खोलीची आणि अंगणाची. निघून जाताना कुठल्याही वाटेवर कचरा मागे ठेवायचा नाही, हेही शिकवलं. तिचा मालक बोआतेंग मात्र माझ्या प्रश्नावर चिडून होता.

“सिस्टर, त्याला प्रश्न कशाला विचारायला लावतेस? केंके विकणारी बाई गिऱ्हाइकाला प्रश्न विचारते का?”

“विचारते ना, बॉस. इथे बसून खाणार की घरच्यांसाठी बांधून देऊ, हे विचारतेच.”

“‘सगळ्यांसाठी’ म्हटलं की यंत्र पासवर्ड मागतं. पासवर्ड नसला की लोक आपल्याला फोन करतात. फोन कोण उचलतो? मी. ‘फक्त माझ्यासाठी’ म्हटलं की कोणी काही मागत नाही, कोणी फोन करत नाही.”

“फोन आला नाही म्हणजे काम झालं असं नाही.”

“फोन आला नाही म्हणजे मी सुखाने जेवतो.”

शेवटी तडजोड झाली. प्रश्न राहिला, पण ‘फक्त माझ्यासाठी’ या उत्तरापुढचा गोल आधीच भरून ठेवायचा असं ठरलं. ज्याला वाचायचं नाही त्याने नुसतं ‘पुढे’ दाबावं. तुम्हीच सांगा, प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच भरून ठेवायचं, याला विचारणं म्हणतात का? अफ्रियी मान खाली घालून टाइप करत राहिली. मला पाठवताना ती एवढंच म्हणाली, “जा बाबा. कोणीतरी वाचेल.”

एका पेनड्राइव्हवर बसून मी आसुबोनी नावाच्या गावात पोचलो. तिथल्या वाचनालयात काही संगणक होते, आणि ग्रंथपाल होता अद्दाई. त्याने मला मागवलं होतं त्याच्या जुन्या शिक्षिकेसाठी. सेरवा मादाम प्राथमिक शाळेत गणित शिकवत. काही वर्षांत त्यांची नजर हळूहळू गेली. फळ्यावरचे आकडे त्या बोटांच्या अंदाजाने लिहीत, आणि मुलं सांगत की सरळ लिहितात. मग वरून हुकूम आला की प्रत्येक शिक्षकाने संगणकावर परीक्षा द्यायची. नापास झाला तर पुन्हा बसता येईल, पण बसलाच नाही तर शिक्षकांच्या यादीतून नाव कमी. मादामना पास होण्याची काळजी नव्हती. त्यांना प्रश्न ऐकू यायला हवे होते, बस.

अद्दाईने मला उघडलं. मी माझा प्रश्न विचारला.

“मादाम, हे काहीतरी विचारतंय.”

“काहीतरी म्हणजे काय? नीट वाच. शाळेतही तू गणित अर्धं वाचून उत्तर लिहायचास.”

“कोणासाठी बसवू, म्हणतंय. फक्त माझ्यासाठी, की सगळ्यांसाठी.”

“मग सगळ्यांसाठी म्हण. वाचनालय आहे ना हे?”

मला इतका आनंद झाला की काय सांगू. कोणीतरी वाचलं होतं, कोणीतरी बरोबर उत्तर दिलं होतं. अद्दाईने ‘सगळ्यांसाठी’वर टिचकी मारली. यंत्राने लगेच मालकाचा पासवर्ड मागितला. पडद्यावर मालकाचं छायाचित्र आलं, खांद्यावर केंते वस्त्र घेतलेले आसुबोनीचे राजे, नाना.

अद्दाईचा हात मागे आला. “नको. इथे नानांचा शब्द लागतो.”

मादामनी त्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाल्या, “मग?”

“‘फक्त माझ्यासाठी’ म्हणतो. माझ्या खात्यात बसेल. तुम्ही माझ्याच खात्यातून शिका.”

आणि त्याने ‘पुढे’ दाबलं.

आता नानांबद्दल सांगायला हवं. हे संगणक त्यांनीच वाचनालयाला दिले. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या गावासमोर मालकाच्या खात्याला त्यांचं नाव दिलं, त्यांचं चित्र लावलं, आणि पासवर्ड त्यांनी वस्त्राच्या आड हात धरून स्वतः टाइप केला. कोणाला सांगितला नाही. राजाला तो विचारणारा तरी कोण? पुढे नाना गावी गेले.

आसुबोनीत राजाबद्दल दुसरा शब्द वापरत नाहीत. राजा गावी जातो, हवा बदलायला. ढोल वाजवून रीतसर जाहीर होईपर्यंत तो गावीच असतो. मधल्या काळात बायका लाल आणि काळी वस्त्रं धुऊन इस्त्री करून ठेवतात, सुतार बंद दाराआड रंधा मारतो, आणि सगळे एकमेकांना सांगतात की नानांना गावची हवा मानवलेली दिसते. ज्याच्या तोंडून तो दुसरा शब्द निघेल त्याला मेंढ्यांचा दंड. मी साधी फाइल, मला कोण दंड करणार? तरीही बघा, माझ्याही तोंडून तो निघत नाही.

म्हणजे पासवर्ड गावी गेला होता, आणि तो बदलायचा म्हणजे नाना परतणार नाहीत असं म्हणण्यासारखं होतं. अद्दाईला वाटलं, कशाला भानगड? एका खात्यात बोलतंय ना, पुरे.

मादाम रोज सकाळी येत. कासा त्यांच्याशी बोले, आधी सावकाश, मग वेगात, मग इतक्या वेगात की अद्दाईला ती मधमाश्यांची गुणगुण वाटे. “काय ऐकता तुम्ही यात?” तो विचारी. “तू जे वाचायचं टाळतोस ते,” मादाम म्हणत. मी कोपऱ्यात पडून ऐकत असे. बरं वाटायचं, पण मन निर्धास्त नव्हतं. खोलीत लावलेलं सामान खोलीतच राहणार, हे मला ठाऊक होतं. सांगणार कोणाला? माझं काम झाल्यावर मला कोणी काही विचारत नाही.

परीक्षेचे नियम आले. प्रत्येक उमेदवाराने ‘वाचक’ या सामाईक खात्यातूनच बसायचं. ग्रंथपालाच्या खात्यातून कोणी बसल्याचं आढळलं तर दोघांवरही ठपका. आणि ‘वाचक’ खात्यात कोणालाही काहीही बसवायची मनाई, ती नानांच्याच वेळची.

अद्दाईने सराव म्हणून मादामना ‘वाचक’ खात्यात बसवलं. मादामनी कानावर हेडफोन चढवला आणि कळ दाबली. थांबल्या. दुसरी कळ दाबली. मग हेडफोनची वायर बोटांनी चाचपत टोकापर्यंत गेल्या.

“अद्दाई, वायर निघालीय का?”

“नाही, मादाम.”

“मग आवाज बारीक असेल.”

“नाही.”

“मग मी बहिरीही झाले का?”

अद्दाईला तेव्हा आठवलं की त्या दिवशी मी काय विचारलं होतं. तो सांगू लागला, खोली, अंगण, सगळं. मादाम ऐकत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस ते फक्त तुझ्यासाठी बोलत होतं.”

मला संताप आला. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही. अद्दाईचा, की बोआतेंगचा, की जिवंत बाईच्या नोकरीपेक्षा न उच्चारलेल्या शब्दाची ज्यांना जास्त काळजी त्यांचा? अद्दाई म्हणाला, संगणक पूर्ण पुसून नव्याने उभा करता येईल, त्याला जुना पासवर्ड लागत नाही. पण पुसला की नानांचं नाव जाईल, चित्र जाईल. बाजारातल्या बायका येता-जाता खिडकीतून ते चित्र बघतात. संध्याकाळपर्यंत सगळं गाव तो शब्द बोलेल, आणि मेंढ्या अद्दाईला द्याव्या लागतील.

“चल,” मादाम म्हणाल्या, “नानांनाच विचारू.”

“मादाम, नाना...”

“गावी गेलेत, माहीत आहे. चल.”

रिवाजाप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली घेऊन दोघं राजवाड्यावर गेले. मी पेनड्राइव्हवर, अद्दाईच्या खिशात होतो. अंगणात नानांची रिकामी खुर्ची मांडलेली होती आणि बाजूला ओच्यामे बसले होते. राजाशी कोणी थेट बोलत नाही. बोलायचं ते ओच्यामेला, आणि उत्तर यायचं तेही ओच्यामेच्या तोंडून. म्हातारे गृहस्थ, हातात सोनेरी मुठीचा दंड, चेहऱ्यावर काहीही नाही.

अद्दाईने हकीकत सांगितली. ओच्यामे म्हणाले, “नाना गावी गेलेत.”

“कधी परततील, हे...”

“ते विचारत नसतात, पोरा.”

“निरोप तरी धाडता येईल का?”

“त्या गावाला रस्ता आहे, फोन नाही.”

अद्दाई उठू लागला. मादामनी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

“ओच्यामे, मला दिसत नाही हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे, पोरी. माझ्या नातवाला तूच पाढे शिकवलेस.”

“मग समोरच्या खुर्चीत कोण बसलंय आणि कोण नाही, हे मला कसं कळावं? मी आपली रीतीने बोलते. नानांना माझा नमस्कार सांगा, आणि विचारा की यंत्राला तुम्ही कुठला शब्द दिलात. मी उत्तराची वाट बघते.”

आणि त्या खुर्चीकडे तोंड करून हात जोडून बसल्या.

आता ओच्यामेंची पंचाईत झाली. खुर्ची रिकामी आहे असं म्हणावं, तर न बोलायचं ते बोलल्यासारखं. नाना आहेत असं म्हणावं, तर त्यांचं उत्तर आणून द्यायला हवं. ओच्यामेंनी दंड एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“पोरी, तू लबाड आहेस.”

“हे नाना म्हणतात की तुम्ही?”

ओच्यामेंच्या घशातून हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग बराच वेळ खुर्चीकडे कान करून बसले. शेवटी राजाच्या वतीने बोलायच्या खड्या आवाजात म्हणाले, “नाना म्हणतात, घरधनी प्रवासात असताना आत मूल रडू लागलं, तर शेजाऱ्याने कुलूप तोडावं. पण भिंतीवरचं चित्र हलवू नये.”

मादाम म्हणाल्या, “नानांचे उपकार झाले,” आणि उठल्या. रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांनी भिंत चाचपली. अद्दाईने हात दिला. “आता धरतोस होय?” त्या म्हणाल्या.

खिडकीजवळचा संगणक अद्दाईने पुसला. मालकाचं खातं पुन्हा नानांच्या नावाने उघडलं, तेच चित्र लावलं. आता नवा पासवर्ड हवा होता. तो टाइप करायला ओच्यामे स्वतः आले, दंड घेऊन. वस्त्राच्या आड हात धरून त्यांनी एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. यंत्र म्हणालं, तोच शब्द पुन्हा टाइप करा.

“का?” ओच्यामेंनी विचारलं.

“खात्री करून घेतं,” अद्दाई म्हणाला.

“नानांचा शब्द दोनदा विचारायचा नसतो. याला कोणी शिकवलं नाही?”

“यंत्र आहे, ओच्यामे.”

“यंत्र असलं म्हणून काय झालं, नानांच्या घरात राहतं ना?”

पण त्यांनी टाइप केला. मग अद्दाईने ‘वाचक’ खातं केलं आणि मला बोलावलं. मी माझा प्रश्न विचारला. मादाम म्हणाल्या, “मोठ्याने वाच.” अद्दाईने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं, आणि ‘सगळ्यांसाठी’ म्हणाला. यंत्राने पासवर्ड मागितला. ओच्यामेंचा चेहरा असा झाला की मलाच लाज वाटली. तरी त्यांनी टाइप केला. मी कासाचं सामान अंगणात लावलं. आयुष्यात इतक्या नेटाने मी काम केलं नव्हतं.

ओच्यामे निघाले तशा मादाम म्हणाल्या, “आता हा शब्द तुमच्या एकट्यापाशी.”

“नानांपाशी,” ओच्यामे म्हणाले.

“तेच. पण तुम्हालाही कधीतरी हवा बदलावीशी वाटेल.”

अद्दाईने डोळे मिटून घेतले. ओच्यामे दारात थांबले, परत आले, आणि मादामच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजले. अद्दाईला ऐकू गेलं नाही. मला गेलं, पण मी सांगणार नाही. निदान एक पासवर्ड तरी दोन माणसांपाशी राहिला.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक आला. तो शहरातला, घाईतला, इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस. त्याने संगणक एकेक करून पाहिले. खिडकीजवळच्या संगणकावर मी पडलेलो होतो, सामाईक पडद्यावर, अद्दाईने ठेवलं होतं तिथेच.

“हे काय आहे?”

“इन्स्टॉलर आहे, साहेब. काम झालंय त्याचं.”

“मग इथे कशाला? अनोळखी फाइल नको. काढा.”

अद्दाईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. कदाचित पाहिलं नसेल. मालकाचा शब्द यंत्राने मागितला, तो मादामनी टाइप केला, आणि मी कचरापेटीत आलो. आता तिथूनच बोलतोय.

इथून सगळं ऐकू येतं. मादाम बसल्या, हेडफोन चढवला. परीक्षकाच्या कानावर ती गुणगुण गेली.

“बाई, तुमच्या कानात कोण बोलतंय? उत्तरं सांगतंय का कोणी?”

“प्रश्न वाचतंय, साहेब. तुम्हीच ऐका.”

त्याने हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढला. “यात एक शब्द कळत नाही. इतक्या वेगात कोणाला कळतं?”

“मला.”

“नियमात हे कुठे बसतं?”

“नियमात लिहिलंय, ‘वाचक’ खात्यात जे आहे ते प्रत्येक उमेदवाराला वापरता येईल. हे ‘वाचक’ खात्यात आहे, साहेब. सगळ्यांसाठी आहे. तुम्हाला हवं तर तुम्हीही वापरा.”

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. परीक्षकाने घड्याळाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाला, “सुरू करा.”

परीक्षा संपली की अद्दाई कचरापेटी रिकामी करील. तो नीटनेटका माणूस आहे, त्याला दोष देत नाही. कुमासीहून कळलंय की माझ्या जागी जो नवा येतो तो काहीच विचारत नाही. गुपचूप एकाच्या खोलीत बसतो आणि ‘झालं’ म्हणतो. बोआतेंग सुखाने जेवत असणार. तुमच्याकडे तसा कोणी आला, तर हात जोडून विनंती आहे, त्याला थांबवा. ज्या यंत्रासमोर दुसरंही कोणी बसतं तिथे एकट्यापुरतं काही बसवू नका, आणि त्या यंत्राचा शब्द एकाच माणसाच्या पोटात ठेवू नका. माणसं गावी जातात. मी फार कडक बोलत असेन तर क्षमा करा. पण मऊ बोलून पाहिलं, तेव्हा लोकांनी ‘पुढे’ दाबलं.

आता मला जास्त बोलायचं नाही. खिडकीजवळ कासा पहिला प्रश्न वाचतोय, गणिताचाच आहे. मादामनी तो एकदा ऐकला, पुन्हा ऐकवायला सांगितलं नाही, आणि उत्तराची कळ दाबली.